टँकातलं पाणी माझ्या ताब्यात

२७ मार्च २००२
कळंब्याच्या बंगल्यामागं स्विमिंग टँक भरला. आख्ख्या कॉलनीत पहिला. क्लोरीन, ॲसिड, पीएच, सगळं स्वतः बघणार. राजारामपुरीत केमिस्ट्रीचे क्लास घेतो ते उगाच का? पाणी तपासायचं किट आलंय. फोडलं नाही. पीएच मला नजरेनं कळतो.
७ तारखेला हातकणंगल्याहून मेहुणा धोंडीराम बायकापोरांसह पोहायला येणार. बघेलच.

१ एप्रिल
पाणी किंचित हिरवं. संघप्रिया म्हणाली, शेवाळ धरलंय. मी म्हटलं, आकाशाचं प्रतिबिंब आहे. म्हणाली, आकाश निळं असतं. बायकोशी शास्त्रावर वाद घालू नये.

३ एप्रिल, भर दुपारी
ब्लीचिंग पावडरचं आख्खं पोतं बादलीबादलीनं ओतलं. पोत्यावर लिहिलंय, ऊन उतरल्यावर थोडी थोडी टाका, लगेच पाण्यात उतरू नका. नवशिक्यांसाठी ठीक आहे. खात्री करायला लगेच उतरलो. जाताना चड्डी निळी होती, येताना पांढरी. डोळे लालभडक. पाणी दुधासारखं. म्हणजे पीएच चढलाय. उद्या ॲसिड. सगळं प्लॅनप्रमाणे.

४ एप्रिल
ॲसिड कालच्याच बादलीत घेतलं. तळाला पावडर उरली होती. पिवळट धूर. ही दोन्ही एकत्र करायची नाहीत हे दर वर्षी पोरांना ओरडून सांगतो. स्वतःला सांगायचं राहिलं. संघप्रियानं कॉलर धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. मी शांत होतो, फक्त श्वास येत नव्हता.
दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, हे काय करतात? ती म्हणाली, केमिस्ट्री शिकवतात. डॉक्टर तोंड फिरवून हसले. परत येताना रिक्षात ती रडत होती. क्लोरीन डोळ्यांत गेला असणार.

७ एप्रिल
धोंडीरामनं काठावरूनच वास घेतला. म्हणाला, दाजी, ह्यात आमी उतरत न्हाय. तुमीबी उतरू नका की. मग सगळे रंकाळ्यावर भेळ खायला गेले. संघप्रियासुद्धा. मला पाण्यापाशी थांबणं भाग होतं.

२१ एप्रिल
तिनं टँक रिकामा करून घासून घेतला. तळात जुन्या साड्या पसरून सांडगे घातलेत. चारी बाजूंनी ऊन तापतं, मस्त वाळतात म्हणे. कावळे येतात, म्हणून मी छत्री घेऊन आत बसलोय.
शेजारच्या बाळाबाई डोकावून म्हणाल्या, सर, टँक लई झकास हाय की! आमचं पापड टाकू काय?
त्यांना उथळ बाजू दिली. खोल बाजूला अनुभवी माणूसच पाहिजे.