मयुरीची गोष्ट कुणाला सांगायची

सावदा,
ता. ८ जुलै २०२३

तीर्थस्वरूप वच्छलाअक्कास,
धाकट्या रतिलालचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो तर सगळ्या गल्लीला कळेल, म्हणून कागदावर लिहितो. तुझ्या भावजयीच्या, बेबाच्या मते ही गोष्ट कुणाला कळायलाच नको.

आपली मयुरी उन्हाळाभर सारखं पाणी पीत होती. लघवीलाही सारखी उठायची. अंगावरचे कपडे ढगळ झाले. आम्हाला वाटलं, ऊन आहे, वाढीचं वय आहे. मग एक दिवस ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला, हाक मारली तर ओ देईना. उचलून गाडीत घातली आणि जळगावला नेली. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार, पण मोठ्या माणसांना होतो तसला नव्हे. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. दिवसातून चार वेळा सुई, आणि ती जन्मभर. चौदा वर्षांची पोर, अक्का.

आता घरी आहे, बरी आहे. सुई मी टोचतो. पहिल्या दिवशी मी डोळेच मिटून घेतले, तेव्हा मयुरीनेच माझं मनगट धरलं. बेबाने मात्र आम्हा दोघांना बजावून ठेवलंय की बाहेर अवाक्षर काढायचं नाही. शाळेत कावीळ झाली म्हणून कळवलं. ती म्हणते, आज सांगाल तर उद्या पोरीला स्थळ कुठून आणाल? मला तिचं पटत नाही. पोरीला शाळेत पाठवायची हिंमत होत नाही. केळीच्या घरात तिला केळं बंद केलंय. काल बाग कापणीला आला, घड ओट्यावर आणून ठेवले, तर ती उठून आत निघून गेली.

तू एकतीस वर्षं दवाखान्यात नर्स होतीस. काय करू ते सांग. उत्तराची वाट पाहतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रतिलाल


देवपूर, धुळे,
ता. १४ जुलै २०२३

चिरंजीव रतिलालास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडत वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून नर्ससारखं वाचलं. लस टोचणारी बाई गावात आली की कपाशीच्या ढिगात लपणारा माझा भाऊ आता दिवसातून चार वेळा सुई टोचतो, हे वाचून मधेच हसूही आलं.

आता नीट ऐक. इन्सुलिन फ्रिजमध्ये दुधाजवळ ठेव, बर्फाच्या कप्प्यात नको. सुई टोचायला मयुरीलाच शिकव, ती तुझ्यापेक्षा धीट आहे. केळ्याचं डॉक्टरांना विचार. अर्धं केळं मोजून, इन्सुलिनच्या हिशेबात बसवून खाता येतं. घरात सगळ्यांनी खायचं आणि तिने बघायचं, हे काही औषध नाही. येत्या सोमवारी तिला शाळेत पाठव.

आणि सांग. निदान तिच्या सरांना आणि एका मैत्रिणीला तरी. साखर वाढते तशी ती एकदम उतरतेही, आणि उतरली की माणूस गुंगीत जातो. माझ्या नोकरीत एका खेड्यातून असाच एक मुलगा आणला होता. वर्गात बाकावर डोकं टेकून पडला होता. गुरुजींना वाटलं, झोपलाय. सुरुवातीलाच मूठभर साखर तोंडात पडली असती तर तो शाळेतच उठून बसला असता. पण तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

बेबावर चिडू नकोस. ती खोटी नाही, घाबरली आहे. मयुरीच्या दप्तरात साखरेची पुडी ठेव. सगळ्यांना माझे भरभरून आशीर्वाद.

तुझी,
अक्का


सावदा,
ता. २१ ऑगस्ट २०२३

तीर्थस्वरूप आत्यास,
मयुरीचा नमस्कार.

आत्या, मी शाळेत जाते. सुई मीच घेते, पोटावर. दुखतं, पण लाल मुंगी चावल्याएवढंच. मागे एका रविवारी पप्पांनी मोजून अर्धं केळं दिलं. ते मी इतकं हळूहळू खाल्लं की आईला हसू आलं. तुमचं पत्र वाचल्यावर पप्पांनी आईला खूप समजावलं, पण सरांना सांगायला ती तयार झाली नाही. म्हणून मी गुपचूप रूपाला सांगितलं. ती माझ्या बाकावर बसते. तिने दुसऱ्याच दिवसापासून स्वतःच्या दप्तरातही साखर ठेवली.

आईला ते कळलं. ती रूपाच्या घरी गेली आणि तिला कानबाई देवीची शपथ घालून आली, की पुन्हा कुणापुढे तोंड उघडायचं नाही.

आणि परवा खो-खोचा सराव होता. दुपारी डबा अर्धाच खाल्ला होता, ती माझीच चूक. खांबापाशी पोचले आणि हात थरथरायला लागले, घाम सुटला, जीभ जड झाली. मला साखर हवी आहे एवढं कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. आमच्या वर्गाचे मगन सर म्हणाले, ऊन लागलंय, सावलीत निजवा, लगेच काही खायला देऊ नका. कुणीतरी म्हणालं, कावीळ होऊन गेलीय ना, अशक्तपणा आहे. रूपा शपथेला भिऊन दप्तर घट्ट धरून उभी होती. मग ती एकदम रडत ओरडली, की हिला साखरेचा आजार आहे, कावीळ नव्हती, आत्ता साखर दिली नाही तर ही बेशुद्ध होईल. सगळ्या मैदानाने ऐकलं. सरांनी मला बसवून धरलं, तिने साखर माझ्या तोंडात घातली. दहा मिनिटांत मी स्वतःहून पाणी मागितलं.

आता सगळ्या शाळेला माहीत आहे. मुली काही चिडवत नाहीत, उलट माझं साखर मोजायचं मीटर बघायला गर्दी करतात. पण आई दोन दिवस कुणाशी बोलत नाही. रागावतही नाही. रूपा म्हणते, तिला शपथ मोडल्याचं पाप लागेल. आत्या, पप्पांना नका लिहू, आईला लिहा. ती तुमचं ऐकते.

तुमची लाडकी (असं पप्पा म्हणतात),
मयुरी


देवपूर, धुळे,
ता. २७ ऑगस्ट २०२३

सौभाग्यवती बेबाबाईस,
वच्छलाअक्काचे आशीर्वाद.

आपण दोघींनी एकमेकींना कधी पत्र लिहिलं नाही. मधे नेहमी रतिलाल टपालवाला. आज थेट लिहिते.

तू शपथ घातलीस ती लेकीच्या मायेने. रूपाने मोडली तीही मायेनेच. मोडल्याचं पाप लागतच असेल तर माझ्या नावावर लाव. मी म्हातारी झाले, मला पेलेल. त्या पोरीला मात्र मोकळं कर.

लग्नाचं म्हणशील, तर असा आजार असलेल्या मुली मी शिकताना पाहिल्या, नोकरीला लागताना पाहिल्या, आणि बाळंतपणाला आमच्याच दवाखान्यात आलेल्याही पाहिल्या. पण लपवून दिलेली मुलगी सासरी न्हाणीघरात लपून सुई घेईल. एखाद्या दिवशी तिला अशीच गुंगी येईल, आणि त्या घरात रूपा नसेल.

तू आई आहेस, यापुढे ठरवायचं ते तू ठरव. मला एक ओळ लिहिलीस तरी पोचेल.

तुझीच,
अक्का


सावदा,
ता. ५ नोव्हेंबर २०२३

तीर्थस्वरूप अक्कांना,
बेबाबाईचा वाकून नमस्कार, वि. वि.

एक ओळ लिहायला मला दोन महिने लागले. माझं शिक्षण सातवीचं, चुकलं माकलं पोटात घाला.

तुमचं पत्र मी चुलीजवळ बसून तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी दराब्याचे लाडू घेऊन रूपाकडे गेले. ती मला बघून दाराआड झाली. मी तिला सांगितलं, माय, तू शपथ मोडली म्हणून माझी पोर जागेवर आहे, कानबाई तुझ्यावर रागावणार नाही, रागावली तर माझ्यावर रागावेल. मग आम्ही दोघी रडलो, आणि तिच्या आईने चहा केला.

मग शाळेत पालकांची सभा झाली. मगन सरांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मी कशी उभी राहिले, मला कळलं नाही. पण सांगितलं सगळं. पोर पाणी पाणी करायची, वाळत चालली होती, आम्ही ऊन ऊन म्हणत बसलो. कावीळ सांगितली ते खोटं होतं, तेही सांगितलं. आमची एक चुलतसासू सभेनंतर मला म्हणाली, आता पोरीचं कसं होईल बाई. मी म्हटलं, पोरीने काल खो-खोत तीन गडी बाद केले, तिचं होईल चांगलं, तुम्ही तुमच्या गुडघ्यांना जपा. हे घरी बसून रोज हसतात त्यावर.

आणि मुख्य सांगायचं ते हे. आपल्याकडे केळी कापायला येणारा पुना तुम्हाला ठाऊक आहे. सभेतलं माझं बोलणं त्याच्या बायकोच्या कानावर गेलं. पंधरा दिवसांपूर्वी दोघं सकाळीच दारात. सोबत त्यांची सहा वर्षांची कामिनी. म्हणाले, ही पण तांब्याने पाणी पिते, अंथरूण ओलं करते, म्हणून रोज मार खाते. मयुरीने तिला मांडीवर घेतलं, बोट टोचलं, पट्टी मीटरला लावली. आकडा चारशेच्या वर. ह्यांनी कापणी तशीच टाकली आणि तिघांना गाडीत घालून जळगावला नेलं.

डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेत आणली, आठ दिवस थांबला असतात तर अवघड झालं असतं. चार दिवसांत पोरगी घरी आली. तिच्या आईला सुई कशी टोचायची ते मयुरी रोज शाळेतून आल्यावर शिकवते. पुना मला सारखं विचारतो, तुम्हाला आधी कसं कळलं. मी त्याला काय सांगू? मला आधी कळलं नव्हतंच.

अक्का, आमची पोर आम्ही उचलून नेली होती. कामिनी दवाखान्याच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढली, एका हातात चप्पल घेऊन, कारण नवी चप्पल तिला मळवायची नव्हती.

दिवाळीला या. खोली झाडून ठेवली आहे. तुमचा जीव आमच्यात असाच अडकलेला राहू द्या.

तुमची भावजय,
बेबा