रोज बदलणारा पत्ता

७ नोव्हेंबर २००७, उमरखेड
झालं एकदाचं! माझ्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू. 'लोकलहोस्ट' टाकलं की माझं इंटरनेटचं पान येते — अब्बाच्या गॅरेजचा फोटो, खाली 'फरहा'. आता जगात कुठूनही दिसन.

८ नोव्हेंबर
कायचं जग! स्टँडजवळच्या फिरोजभाईच्या सायबर कॅफेत तोच शब्द टाकला, काहीच नाही. तो पोट धरून हसला. "अवं, त्याचा अर्थ 'हाच कॉम्प्युटर'. माझ्या घरात बसून तुझं घर शोधून राह्यली." शरम वाटली. पण मग बाहेरच्याले माझं घर सापडते कसं? डोक्यात किडा शिरला.

११ नोव्हेंबर
समजलं. घरातल्या इंटरनेटच्या डब्याले, मोडेमले, बाहेरचा एक नंबर मिळते. त्या नंबरवर कोणी आलं तर माझ्या मशीनकडे पाठव, हे मोडेमले सांगावं लागते. सांगितलं, आणि कॅफेत उघडलं! आता दुरूनही उघडते का, पाहायचं. मोठ्या भावाले, अब्रारभाईले, नंबर मेल केला. तो कामाले होता ती इथली कापसाची जिनिंग बंद पडली, तेव्हा अब्बाले न विचारता मस्कतले गेला तो. फोन फक्त ईदले, तोही अम्मीले. अब्बा त्याचं नावही घेत नाहीत.

१२ नोव्हेंबर
भाईचा फोन! "दिसलं. गॅरेजची पाटी कोणी रंगवली?" अब्बानं, म्हटलं. "फोटो मोठा करून टाक," तो म्हणाला.

१३ नोव्हेंबर
पान गायब. भाईचा पुन्हा फोन. कारण सापडलं — लोडशेडिंग. लाईट जाऊन आली की मोडेम नवा नंबर घेते.

१९ नोव्हेंबर
रोज लाईट जाते, रोज नंबर बदलते, रोज भाई विचारते, "आजचा काय?" मग अम्मी रिसीव्हर ओढून घेते. गुडघा, भाजी, शेजारच्या सईदाचं लग्न. अब्बा तिथंच पेपर घेऊन बसतात, पण पान काही उलटत नाहीत. मी रोज नवा फोटो टाकते.

२२ नोव्हेंबर
फिरोजभाईनं फुकटची सोय दाखवली. पानासाठी एकदा नाव घ्यायचं; नंबर कितीही बदलो, तेच नाव टाकलं की पान उघडते. जेवताना उत्साहानं सांगितलं. अम्मीचा चेहरा उतरला. "मग तो फोन कायले करन?" हे मले सुचलंच नव्हतं. अब्बा ताट अर्धवट ठेवून उठले.

२५ नोव्हेंबर
राहवलं नाही, करून पाहिलं. नाव मस्त चालते. भाईले सांगू का नको?

२७ नोव्हेंबर
आज लाईट गेलीच नाही. तरी भाईचा फोन, "पान गेलं." मोडेम पाहिला, तर कोणीतरी लाईटची वायर काढून परत सैलच लावलेली. मागं वळली, तर रिसीव्हर अब्बाच्या हातात.
"नंबर सांग, फरहा. मी सांगतो त्याले." मग फोनमध्ये, "अब्रार, लिहून घे, बेटा."