हणमंत उताणा का झोपतो

गुडगाव,
५ जानेवारी १९९७

प्रिय अहिल्याआत्या,

वाकून नमस्कार केलाय असं समज. लग्नात तुझ्या पायांपर्यंत पोचलेच होते, तेवढ्यात फोटोग्राफरने मला खांद्याला धरून वळवलं, तो नमस्कार अजून राहिलाच आहे.

आम्ही दोघं मजेत. घर सुंदर आहे. तिसरा मजला, ऊन भरपूर, आणि संगमरवरी फरशी इतकी गार की मोजे घातल्याशिवाय पाय टेकवत नाही. बाल्कनीतून मोहरीची शेतं दिसतात आणि त्यांच्यात उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगांच्या सळया. दिवसभर ठोकाठोक चालते. फोनसाठी अर्ज केलाय, लाइन येईल तेव्हा येईल.

मी शाळेतली नोकरी सोडली हे बाबांनी तुला कळवलं असेलच. इथून आर. के. पुरमला रोज बसने जाणं कौस्तुभला बिल्कुल पसंत नाही. शिवाय ही वस्ती नवी, चोऱ्यामाऱ्या होतात, कच्छा-बनियानवाल्या टोळीच्या बातम्या ग्वाल्हेरच्या पेपरातही येत असतील. मी म्हटलं, मग दिवसभर मी करू तरी काय? तर नाताळच्या सुट्टीत त्याने मला एक ससा आणून दिला.

पांढराशुभ्र आहे, एका कानावर राखाडी ठिपका. कौस्तुभ त्याला ‘बनी’ म्हणतो. मी हणमंत ठेवलंय, कारण पहिल्याच दिवशी त्याने सोफ्यावरून टीव्हीवर उडी मारली आणि लंका जाळायची तेवढी बाकी ठेवली.

आता खरं काम सांगते. तू घराच्या मागे इतकी वर्षं ससे पाळलेस, आणि सुट्टीत आले की मी नुसती त्यांच्यामागे पळायचे, शिकले काहीच नाही. तर मला सांग: तो हनुवटी सगळ्या फर्निचरला घासत फिरतो, ते का? कधी कधी धावताधावता हवेतच अंग पिळून उडी मारतो, ते झटका आल्यासारखं दिसतं, दवा करायची का? आणि संध्याकाळी बाहेरून कुलूप उघडल्याचा आवाज आला की मागचा पाय फरशीवर इतका जोरात आपटतो की खालचे लोक विचारायला येतील. एरवी नाही आपटत, तेव्हाच.

कौस्तुभची त्याच्याशी मात्र गट्टी आहे. तो त्याला मांडीवर उताणा टाकतो, पोटावरून हात फिरवतो, आणि हणमंत पाय वर करून असा निपचित पडतो की जणू झोपला. माझ्याकडे तो असा कधीच झोपत नाही.

पत्र लिहून झालं की कौस्तुभ वाचतो आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. आम्हां दिल्लीत वाढलेल्यांचं मराठी तुला ठाऊकच आहे. मग तोच ऑफिसच्या टपालातून पाठवतो. तेव्हा यात चूक सापडली तर ती त्याची.

तुझी,
सौ. निधी


गुडगाव,
२० जानेवारी १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. कौस्तुभने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्येमध्ये तो खूप हसला. म्हणाला, आत्यांनी सशांवर पीएच.डी. करायला हवी होती.

तर हनुवटी घासतो म्हणजे ‘हे माझं, हे माझं’ अशी मोहोर उमटवतो! मी समजत होते, खाज सुटलीये, म्हणून उगाच कडुनिंबाच्या पाण्याने पुसलं बिचाऱ्याला. हवेतली उडी म्हणजे आनंद, हे वाचून हायसं वाटलं. तशी त्याने हल्ली मारलेली नाही. पाय आपटणं म्हणजे धोक्याची सूचना, बाकीच्यांना सावध करायला, हे कौस्तुभने वाचलं आणि म्हणाला, बाकीचे कोण, इथे दुसरा ससा तर नाही.

उताण्या झोपेबद्दल तू लिहिलंस ते मात्र त्याला पटलं नाही. तू लिहितेस की ससा असा निपचित पडतो तेव्हा त्याला वाटत असतं की आपण कुणाच्या तरी तोंडात सापडलो, आता हललो नाही तर कदाचित सोडून देईल. कौस्तुभ म्हणाला, मग तो पळून का जात नाही?

आणि शेवटी तू विचारलंस, ‘घरातली दुसरी कशी आहे?’ कौस्तुभला वाटलं, तुझा काहीतरी गैरसमज झालाय, आपण जोडी आणली असं तुला वाटतंय. ‘काय ते लिही,’ म्हणाला. तर लिहिते. दुसरीही शांत आहे. सगळे म्हणतात, फार शांत आहे.

काल माझं पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आर. के. पुरमच्या सगळ्या मराठी बायका आई-बाबांबरोबर बस करून आल्या. मी काळी चंद्रकळा नेसले, अंगभर हलव्याचे दागिने: मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा, अगदी मुकुटसुद्धा. आईने महिनाभर बसून गुंफले होते. हलले की काटे टोचतात आणि दाणे गळतात, म्हणून मला पाटावर बसवलं आणि बजावलं, हलू नकोस. मी नाही हलले. कुणीतरी हौसेने हणमंतालाही हलव्याची माळ घातली, बोरन्हाणाच्या बाळासारखी. मग कौस्तुभने त्याला सगळ्यांसमोर उताणा केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक काकू म्हणाल्या, जावयाच्या हातात जादू आहे, ससा काय आणि बायको काय, दोघं कशी गप्प बसलीयेत. सगळे हसले. मीही हसले बहुतेक, फोटोत कळेल.

दागिने उतरवून ठेवले आणि पाहुण्यांना पोचवायला आम्ही सगळे खाली गेलो. वर येऊन बघते तो हणमंताने आपली माळ खाऊन माझा बाजूबंद अर्धा संपवला होता! आज सकाळपासून कोथिंबिरीला तोंड लावलेलं नाही. कोपऱ्यात बसलाय. कौस्तुभ म्हणतो, गोड जास्त झालं, उद्या बघू.

साखरेवर काय देतात ते जमलं तर लगेच कळव.

तुझी,
सौ. निधी


आर. के. पुरम, नवी दिल्ली,
२७ जानेवारी १९९७

प्रिय आत्या,

पत्त्यावरून तुला कळलंच असेल. आता सगळं सरळ सांगते, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासलेलं नाही.

मंगळवारी सकाळी हणमंत कोपऱ्यातून उठेचना. पाठीला कुबड काढून, डोळे अर्धे मिटून बसलेला. पोट पत्र्यासारखं कडक. आणि दात खात होता, करकर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यावं इतक्या जोरात. तू लिहिलं होतंस ना, दात हळूच वाजले तर सुख आणि जोरात वाजले तर दुखणं. ससा ओरडत नाही, तेवढंच करतो. मी कौस्तुभला म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. तो म्हणाला, आज मीटिंग आहे, संध्याकाळी बघू. मी म्हटलं, मी नेते. त्याने बूट घातले. नेहमीसारखा गेला, आणि नेहमीसारखं जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून गेला.

हो आत्या. लग्नानंतर तिथे राहायला गेलो त्या आठवड्यापासून. आधी म्हणाला, फोन लागेपर्यंत. मग म्हणाला, वस्ती भरेपर्यंत. रागावून कधीच नाही, प्रेमानेच लावायचा, वर जाळीतून बाय करायचा. मी बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, अगं नवा भाग आहे, जपतो तुला, नशीब समज. मग मी पुन्हा कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही, कारण टपाल त्याच्या हातात होतं. पण कुलपाच्या आवाजाला हणमंत पाय आपटतो, हे मी मुद्दाम लिहिलं होतं. ‘दुसरी कशी आहे’ हे वाचलं तेव्हा कळलं की तुला पोचलं. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मंगळवारी मी हणमंतापाशी बसले होते आणि मला त्याचा भयंकर राग आला. म्हटलं, ओरड की मेल्या. तुला कुणी गप्प बसायला सांगितलंय? आणि मग खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि जाळीच्या दारावर हाणायला लागले.

किती वेळ ते माहीत नाही. समोरच्या हेमलताजी धावत आल्या, हातांना कणीक तशीच. मला आत पाहून त्या चाटच पडल्या. म्हणाल्या, “आप अंदर हैं? मैं तो समझती थी आप नौकरी पर जाती हैं. रोज़ ताला देखती हूँ.”

आत्या, समोरासमोर दोन दारं, आणि त्या बाईला वाटत होतं घरात कुणी नाही. कारण कुलूप होतं.

त्यांनी शेजारच्या बांधकामावरून एका मिस्त्रीला बोलावून आणलं. तो छिन्नी लावून थांबला. कुणाचं कुलूप फोडतोय, उद्या चोरीचा आळ यायचा, अशी त्याला धास्ती. त्याने विचारलं, ताला किसका है? मी म्हटलं, “ताला उनका है, घर मेरा है. तोड़ दो.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

हणमंताला पिशवीत घालून मी आणि हेमलताजी ऑटोने डॉक्टरकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळायला शिकवलं, म्हणाले, थोड़ी और देर करते तो गया था. तिथून मी गुडगावला परतलेच नाही.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, पण फक्त स्वयंपाकाबद्दल. काल प्रजासत्ताक दिनाची परेड टीव्हीवर चालू असताना कौस्तुभ आला, करोल बागेतून मिठाई घेऊन. गोड बोलला. कुलूप फक्त काळजीपोटी, म्हणाला, आता हवं तर किल्ली देऊन ठेवतो. बाबांचा चेहरा सैलावला. मग त्याने हणमंताला उचललं. म्हणाला, बघा बाबा, अजून ओळखतो मला. आणि मांडीवर उताणा केला. हणमंत निपचित. बाबा म्हणाले, “वा, किती विश्वास आहे त्याचा.”

मी म्हटलं, “कौस्तुभ, सोड त्याला. तो घाबरलाय.”

तो हसला. “अगं, तो रोज असाच—”

“रोजच घाबरायचा. मीही.”

 टीव्हीवर लष्कराचा बँड वाजत होता. बाबा सशाकडे बघत राहिले, त्याच्या उघड्या डोळ्यांकडे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता त्याकडे. घाबरल्यावर दिसतो म्हणून तू लिहिलं होतंस, तसा. मग त्यांनीच पुढे होऊन कौस्तुभच्या मांडीवरून त्याला उचललं आणि जमिनीवर ठेवलं. हणमंत बाजेखाली गेला आणि तिथून असा पाय आपटला की आईच्या हातातला कप हिंदकळला. बाबा म्हणाले, “कौस्तुभराव, मिठाई घेऊन जा.”

बाबा पुढे काय करतील मला ठाऊक नाही. ते पुन्हा विरघळतील अशी मला भीती वाटते, म्हणून मी तुझ्याकडे येणार आहे, येत्या रविवारी, सशासकट. नको असेल तर नको म्हण. शाळेतही जाऊन आले. मुख्याध्यापिका मार्चनंतर बघू म्हणाल्या, तेवढं पुरे.

आज दुपारी हणमंत बाजेखाली एका कुशीवर धपकन पडला, मागचे पाय लांब सोडून. मी दचकले, हात लावून बघितलं. तो फक्त झोपला होता. असं तो माझ्यासमोर पहिल्यांदाच झोपला.

कोपऱ्यावर लाल पेटी आहे. पत्र टाकायला मीच चालले आहे, आणि लांबच्या रस्त्याने जाणार आहे.

तू विचारलं होतंस, दुसरी कशी आहे. ती घाबरली होती. आज तिला भूक लागली आहे.

निधी