पैसे आल्याशिवाय सही नाही

बाबा, नाशिकच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही बिल पुढ्यात घेऊन बसायचात आणि मी ओलं बोट फिरवून त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचे. तुम्ही त्यावर आडवी सही करायचात. वर लिहिलेलं असायचं, ‘पूर्ण रक्कम पावली’. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, “मिळाले वाटतं पैसे?” तुम्ही हसायचात. “अगं, पावती दिल्याशिवाय साहेब चेक काढत नाहीत. पद्धतच आहे तशी.” त्या शाळेच्या इमारतीचं प्लास्टर तुम्ही केलंत, शेवटचा चेक मात्र निघालाच नाही. मागायला गेलात तेव्हा त्यांनी तुमचीच सही तुमच्यापुढे धरली. तुम्ही रिकाम्या हाताने परत आलात. मला अजून त्याचा राग येतो.

मला तुम्ही कॉन्व्हेंटात घातलंत, इंग्रजी कागद वाचता यावा म्हणून. तर वाचते आहे. इथे परदेशात, टार्निट या उपनगरात, मी आणि माझी लेक टाइल्स बसवायची कामं घेतो, हाताखाली दोघं कारागीर आहेत. काम संपलं तसा बिल्डरच्या मॅनेजरने कागद पाठवला: सगळे पैसे मिळाले, यापुढे काहीही मागणार नाही. पाठोपाठ त्याचा फोन.

“आंटी, बस फॉर्मॅलिटी है. आज साइन कर दो, फ्रायडे को पैसा.”

“तो साइन भी फ्रायडे को, बेटा.”

“सब लोग करते हैं, आंटी.”

“मेरे बाबा भी करते थे.”

मग तो पुढच्या घरांचं काम दुसऱ्याला देण्याचं बोलला. लेक घाबरली. “मम, जस्ट साइन इट ना!” मी त्या कागदावर हाताने ओळ घातली, ‘रक्कम खात्यात जमा झाल्यावरच हे लागू’, आणि सही न करताच, सोबत इथल्या कायद्याप्रमाणे पैशांचं मागणीपत्र जोडून तो परत पाठवला. आता किती देणार आणि बाकीचे का नाही, हे त्याने मुदतीत लेखी कळवायचं. नाही कळवलं तर पूर्ण रक्कम देणं लागतो. हा आमचा हक्क आहे, बाबा, मेहेरबानी नाही.

हे पत्र कामाच्या फाइलीतच राहील. लेकीला सांगून ठेवलंय: पैसे आले की आधी दोघा कारागिरांची मजुरी, मग टाइल्सच्या दुकानाची उधारी, मग तिचा पगार, माझं सगळ्यात शेवटी. पुढचं काम गेलं तर माझ्या वाट्याला फारसं उरणार नाही, आणि त्याची मला भीती वाटते. तरी सही नाही.