मुक्ताबाईची हजेरी

१२ ऑक्टोबर २०२५, उमापूर
तालुक्यातल्या वार्ताहर बंधुभगिनींनो, ही रोजनिशी तुमच्यासाठी. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला अख्खं पान आणि ऊसतोड बाईच्या खुनाला चार ओळी, हे दुखणं आपल्या सगळ्यांचं आहे. मी मात्र आज हसत हसत इथे उतरले. धनश्री, वय सव्वीस, पहिलीच नेमणूक. खोली एसटी थांब्यासमोर, खाली भज्यांचं हॉटेल. मालकीणबाईंनी चहा दिला आणि तिसऱ्या घोटालाच विचारलं, "लगीन न्हाई झालं व्हय?" पेपरशी झालंय म्हटलं. लई हसल्या.

१४ ऑक्टोबर
ऐंशी वर्षांच्या सुंदरबाई भेटल्या. त्यांची विधवा लेक मुक्ताबाई १९९६ साली बंकट मुकादमाच्या टोळीतून ऊस तोडायला गेली, ती आलीच नाही. कारखान्यावरून पळाली, असं पोलिसांनी लिहिलं. तेव्हापासून गाव सुंदरबाईंना पळालेलीची आई म्हणतं. डोळे मिटण्याआधी त्यांना एकच कागद हवा आहे: लेक पळाली नाही, तिला मारलं. बंकट आता पुढारी आहे. टोळी त्याचा मुलगा अंगद नेतो.

१७ ऑक्टोबर
जुनी फाइल पाहिली. सगळा तपास हजेरीवर थांबलेला. टोळी निघताना मुकादम ट्रॅक्टरजवळ नावं पुकारतो, माणूस "हाय" म्हणून ट्रॉलीत चढतो. मुक्ताबाईच्या नावाला "हाय" ऐकलं, असे वीस जबाब. एकाही पोलिसाने विचारलं नाही की ती दिसली का! संपादकांना फोन केला. ते म्हणाले, जुनं उकरू नकोस, बंकटरावांच्या वाढदिवसाची पुरवणी बघ. 

२२ ऑक्टोबर
सावित्रीबाई बोलल्या! त्याच टोळीतल्या. अंगावर हात टाकला म्हणून मुक्ताबाईने बंकटला चारचौघांत चपलेने हाणलं होतं. टोळी निघायच्या आदल्या दिवशी त्याने तिला मारून मळ्यातल्या चिंचेखालच्या विहिरीत टाकलं. सावित्रीबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने हजेरीत तिचं नाव पुकारलं आणि सावित्रीबाईंकडे बघितलं. "मीच म्हनले, हाय. लेकरं ल्हान व्हती, बाई."
पुढच्या साली नाव पुकारलं नाही, तरी ट्रॉलीतून कुणाच्या तरी तोंडून "हाय" आलंच. तेव्हापासून भीतीने दरसाल पुकारतात. ज्याच्या तोंडून असं आपोआप येतं, त्याला मुक्ताबाईबद्दल दुसरं काही बोलता येत नाही; सावित्रीबाई तेव्हा स्वतःच म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांना अजून बोलता येतं. "त्या खोट्याला आता आमची तोंडं लागतेत."
गावाने आपल्या भित्रेपणाला भुताचं नाव दिलंय, असं मी सुनावलं. त्या ओशाळल्या. शनिवारी ठाण्यात जबाब देणार आहेत.

२५ ऑक्टोबर, शनिवार
आल्या नाहीत. सोमवारी निघायची टोळी अंगदने आजच काढली. भर दुपारी धावत गेले. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, माणसं. मध्ये मान खाली घालून सावित्रीबाई. अंगद ओरडला, "या पेपरवाल्या बाई, तुमी बी येता का? कोयता देतो!" सगळे खिदळले. मग त्याने यादी काढली.
मुक्ताबाई, तो म्हणाला. ट्रॉलीतल्या सगळ्यांनी तोंडावर हात दाबले.
तिचा खून झालाय, असं ओरडायला मी तोंड उघडलं.
"हाय."
आवाज माझा होता.

२६ ऑक्टोबर
ठाण्यात गेले. साहेबांनी विचारलं, मुक्ताबाई टोळीबरोबर गेली होती का. नाही म्हणायचं होतं — हाय. पुन्हा — हाय. ते हसले. पत्रकार बाईंचाही दुजोरा, असं फाइलमध्ये लिहिलं. एकोणतीस वर्षांनी एकविसावा जबाब. माझा!

२७ ऑक्टोबर
सुंदरबाई दारात. कागद मिळाला का, विचारत होत्या. दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तरी आतून तेच — हाय.
त्या मागे वळल्या. पायऱ्या उतरताना दोनदा बसल्या.

२८ ऑक्टोबर
हात अजून खरं लिहितो. पण सकाळपासून जड —
वार्ताहरांनो, मला काही विचारू नका. माझ्या तोंडचं ऐकू नका. उद्याच सगळे मिळून या. बंकटच्या मळ्यातली चिंचेखालची विहीर उपसा. मुक्ताबाई उसाला गेलीच नाही. मुक्ताबाई उसाला गेली.
हे मी नाही लिहिलं —
विहीर उप