राहू दे, राहू दे

मास्तर, आज दुपारी बँकेतल्या काचेच्या केबिनमध्ये बसून मी माझ्याच बायकोचा आवाज ऐकला आणि तुम्ही आठवलात. इतका थक्क मी याआधी एकदाच झालो होतो, तुमच्या हाताखाली लागलो तेव्हा, उधन्याच्या लूमच्या कारखान्यात. धुळ्याकडून सुरतेला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. पन्नासेक माग एकदम चालू, शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. तुम्ही दारात उभे राहून चहा पीत होता. अर्ध्यातच कप खाली ठेवलात, आणि सगळे माग ओलांडून थेट पलीकडच्या भिंतीजवळचा एक माग बंद केलात. धोट्याला मारणारा चामड्याचा पट्टा निम्मा फाटला होता. अजून दहा मिनिटं चालला असता तर धोटा उडून कुणाच्या तरी डोळ्यात गेला असता. मी वाकून पट्टा चाचपायला गेलो तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "हात लाऊ नको. आधी आयक." मी म्हटलं, मास्तर, एवढ्या गोंगाटात काय ऐकायचं? तुम्ही माझ्या कानाला तोंड लावून म्हणालात, "जो आवाज येस, तो कोनबी आयकस. जो येवाले पाहिजे व्हता अन् ऊना नही, तो आयक." न आलेला आवाज ऐकायचा? मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण त्याच एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. आज लोक मला जुने माग विकत घ्यायला बरोबर नेतात. मी डोळे मिटून उभा राहतो, आणि विकणारा घाम पुसायला लागतो.

तर झालं असं. दिवाळीआधी आम्ही मोठा फ्रिज घेतला. दुकानात कार्ड घासलं. त्याच वेळी एका पोऱ्याने, वॉरंटी वाढवून देतो, पहिले तीन महिने फुकट, म्हणून एका कागदावर माझी सही घेतली, आणि फोनवर आलेला ओटीपीही मीच त्याला वाचून दाखवला. फुकट म्हटल्यावर सुरतेत कोण नाही म्हणतो? कार्ड मात्र बायकोचं होतं. माझ्याच खात्यावरचं, पण वर तिचं नाव. मास्तर, तिचं नाव छापलेली घरातली ती पहिली वस्तू. वीजबिल माझं, घर माझ्या नावावर, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा तिचं नाव चुकीचं छापलं होतं. कार्ड आलं त्या दिवशी तिने ते देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं आणि मुलगा हसून हसून पडला होता.

फुकटाचे महिने संपले आणि दर महिन्याला त्या कार्डावरून पैसे जायला लागले. स्टेटमेंटमध्ये कुणा भलत्याच नावाखाली, 'सर्व्हिस' एवढंच कळत होतं. तिसऱ्या महिन्यात मुलाच्या नजरेला आलं. त्याने त्या कंपनीला फोन लावला तर तिकडून उत्तर, मॅडमने स्वतः फोनवर हो म्हटलंय, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. मग काय, घरात खटला उभा राहिला. "मम्मी, तुला हजार वेळा सांगितलं, अननोन नंबर उचलायचा नाही. ही काय आपली सोसायटी आहे, सगळ्यांशी गप्पा मारायला?" ती म्हणाली, मी हो म्हटलंच नाही. "मग त्यांच्याकडे रेकॉर्डिंग कुठून आलं? ओटीपी कुणी दिला?" ओटीपी कुणी दिला ते मला तिथल्या तिथे आठवलं, मास्तर. पण मी गप्प बसलो. रात्रीचं जेवण तिने वाढलं, स्वतः जेवली नाही, आणि कार्ड आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "माले नको हाई. तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या." त्या दिवसापासून ती फोन उचलेना. तिच्या बहिणीचा आला तरी तो वाजू द्यायची आणि वाजून थांबला की मला सांगायची, कुणाचा होता बघा. डिंडोलीच्या आमच्या गल्लीत पत्ता विचारायला आलेला माणूससुद्धा तिच्याकडून पाणी पिऊन जातो. ती बाई फोनला भ्यायला लागली. पैसे परत येतील न येतील, पण हे मला बघवेना.

बँकेने आधी तक्रार फेटाळली होती, ग्राहकाची संमती आहे म्हणून. मी शाखेत गेलो, म्हटलं, संमती मला ऐकवा. तक्रारी बघणाऱ्या गुजराती बेन भल्या होत्या. म्हणाल्या, "काका, तमे नकामा हेरान थशो," पण कंपनीकडून आलेलं रेकॉर्डिंग लावलं. आणि मास्तर, त्या डबड्यातून आमचं स्वयंपाकघर बाहेर आलं. फोडणीचा आवाज, भांडं सरकवल्याचा, आणि तिचा. आपल्या माघारी आपलं माणूस परक्याशी कसं बोलतं, हे कुणाला ऐकायला मिळतं? बोलणारी मुलगी मराठीच होती. तिचा घसा पार बसला होता. बायको म्हणतेय, "किती फोन करतेस गं दिवसाचे? घसा बघ कसा झालाय. हळद-गूळ घे गरम पाण्यात." ती मुलगी जरा थांबते, मग पाठ केलेलं बोलते, "मॅडम, तुमच्या फ्रिजची वॉरंटी आहे, ती पुढे चालू ठेवायची ना?" आणि बायको म्हणते, "राहू दे गं बाई, राहू दे." मागे कुकरची शिट्टी सुरू होते. रेकॉर्डिंग संपतं.

बेन म्हणाल्या, "जुओ काका, चालू रहेवा दे, एम ज कीधुं ने?" त्यांच्या कानाला 'चालू राहू दे' असंच ऐकू आलं होतं. तेच दोन शब्द. नको म्हणायलाही तेच, असू दे म्हणायलाही तेच. जन्मभर बोलत आलो आणि कधी लक्षात आलं नाही की आपण एकाच शब्दाने दार उघडतो आणि लावतो. कागदावर लिहिलं तर जगातला कुठलाही न्यायाधीश फसेल.

मी म्हटलं, बेन, अजून एकदा लावा. डोळे मिटले. या वेळी तिला ऐकलंच नाही, कुकर ऐकला. शिट्टी सुरू होते, चढते आणि मध्येच तुटते. कुकरची शिट्टी अशी तुटत नाही, मास्तर. ती दमत दमत, फुसफुसत खाली येते. ते खाली येणं तिथे नव्हतं. "बेन, ही शिट्टी पुरी होऊ दिलेली नाही. पुढचं कापलंय. पुढे माझी बायको काय बोलली ते मागवा." त्यांनी कान देऊन दोनदा ऐकलं, आणि पहिल्यांदाच पेन उचललं. पण 'राहू दे'चं काय, ते त्यांच्या मनातून जाईना. तेवढ्यात चहा आला, बशीत दोन बिस्किटं. मी बशी उचलून त्यांच्यापुढे धरली. "लो ने बेन." त्यांनी छातीवर हात ठेवला, मान मागे घेतली. "ना ना काका, रहेवा दो, रहेवा दो." मी बशी त्यांच्या फाइलवर ठेवली. "ठेवली मग. तुम्हीच म्हणालात, राहू द्या." त्या अशा हसल्या की बाहेरच्या काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "बेन, नको असलं की माणूस दोनदा म्हणतं, भराभरा, दुसऱ्यांदा आवाज उतरवून. हवं असलं की एकदाच म्हणतं आणि गप्प बसतं. परत लावा, मोजा." त्यांनी लावलं. दोनदा.

त्यांनी माझ्यासमोर त्या कंपनीची वसुली बंद केली, पूर्ण रेकॉर्डिंग मागवणारं पत्र टाकलं आणि पैसे तात्पुरते परत जमा करायला लावले. बाकीचं यथावकाश होईल. घरी येऊन मी मुलाला आधी ओटीपीचं सांगितलं, तिच्यासमोर. तो म्हणाला, "सॉरी, मम्मी." मग माझ्याकडे वळून, "आणि पप्पा, तुम्ही इतके दिवस चूप?" मी कार्ड पुढे केलं, तिने पदराला पुसून ते आपल्या पाकिटात घातलं. संध्याकाळी तिच्या बहिणीचा फोन आला तर दुसऱ्या रिंगला उचलला. ठेवल्यावर मला विचारते, "त्या पोरीचा घसा बरा झाला असंल का हो?" तीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्याकडे नवी असल्यासारखा बघत राहिलो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. तुमच्या शेवटच्या वर्षी मी लिंबायतच्या तुमच्या खोलीवर आलो होतो. मागांनी तुमचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. माझं बरं चाललं होतं, मी तुमच्यासाठी ऐकायचं मशीन आणलं होतं, चांगल्यातलं. डबा उघडून तुमच्यापुढे ठेवला, खुणेने सांगितलं. तुम्ही त्याला बोट लावलंत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे." मी डबा उचलला, पाया पडलो आणि दुसऱ्या दिवशी मशीन दुकानात परत केलं. पुढे कितीतरी जणांना मी हे अभिमानाने सांगितलं, की आमचे मास्तर असे मानी, फुकट काही घ्यायचे नाहीत. आज बँकेतून येताना, उधना दरवाजाच्या सिग्नलला, माझ्या डोक्यात ते परत वाजलं. तुम्ही एकदाच म्हणाला होता. मग गप्प बसला होता. आणि मी तुमच्या तोंडाकडे बघतच नव्हतो, मास्तर. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती, मी तिचा हॉर्न ऐकत होतो.