माणसं ओळखण्यात माझा हात कोण धरणार

रविवार, ४ मे
आणि वर ती युनिव्हर्सिटीची डॉक्टर लुबाबा मलाच विचारते, डोक्याला कधी मार लागला होता का म्हणून. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची अक्कल कुठल्या वयात किती असते, ते मोजायला इर्बिदहून आलीय. माझ्या सहा वर्षांच्या नातीपासून सासूबाईंपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना बसवलं. फोटोत नुसते डोळे. हा माणूस कसा आहे? मी म्हटलं, भुकेला. म्हणे नीट बघा, शरमलाय. शरमलेला पुरुष पाहिलाय कुणी?
मग गोष्ट. पाहुणी घरच्या बाईच्या तोंडावर विचारते, भात कुणी करपवला? चुकलं कोण? मी म्हटलं, करपवणारी. मार्क कापले. नातीला माझ्यापेक्षा जास्त मिळाले. सासूबाईंना तर सगळ्यात जास्त, आणि त्यांना एका डोळ्यानं दिसत नाही. टेस्टच खोटी.

सोमवार, ५ मे
माझ्या हैसमला त्याच्या मित्राची, मुंझिरची बहीण रुदैना बायको म्हणून हवी. म्हणाला, "आई, विचारायला फौझियाआत्या जाऊ दे. तू नको." पोराला माझ्या गुडघ्यांची केवढी काळजी. माझी नणंद कशाला? मीच जाणार. ठरवलं, गोड बोलायचं. कमी बोलायचं.

बुधवार, ७ मे
जाऊन आले. झकास झालं. सासूबाई मागे लागून आल्या. मी रुदैनाला म्हटलं, रंग नाही पण दात चांगले आहेत. तिच्या आईला म्हटलं, वय उलटलेल्या मुलीला असं स्थळ दारात चालून येत नाही. बाईचे डोळे भरून आले. आनंदानं.
कॉफीचा कप काठोकाठ भरून दिला. आपल्यात भरला कप म्हणजे प्या आणि उठा. सासूबाई बाही ओढत म्हणाल्या, "ऊठ गं बाई, निरोप मिळाला." पण ही माणसं बरीच वर्षं कुवेतला होती, हात सढळ. मी आणखी मागितली. तीही काठोकाठ. होकारच समजायचा.

रविवार, ११ मे
निरोप नाही. मुंझिरच्या आईचा फोन बिघडलाय. शेजारणीच्या फोनवरून लावला तर उचलला, माझा आवाज ऐकला आणि पुन्हा बिघडला. हैसम आत्याकडेच जेवतो. लग्न जवळ आलं की पोरं लाजतात.

सोमवार, १२ मे
नवऱ्यानं चहा पिता पिता सांगितलं. फौझिया परवा कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन त्यांच्याकडे जाऊन आली. दुपारभर बसली, माझ्या वतीनं माफी मागितली. कशाची, ते सांगेना. त्यांनी होकार दिलाय. शुक्रवारी आपली मोठी माणसं रीतसर मागणीला जाणार, बायका आत बसणार. एकच अट, मुलाच्या आईनं तोंड उघडायचं नाही.
हैसम आला. मान खाली. म्हणाला, "आई, मला ती आवडते. एवढं कर."
मी विचारलं, मी वावगं काय बोलले? तो चपला शोधायला लागला. नवऱ्यानं आणखी चहा ओतून घेतला. सासूबाईंनी नुसता पाठीवरून हात फिरवला.
गप्प बसेन. पोराचं लग्न आहे. पण घरात सगळ्यांना बजावून सांगितलंय, बुधवारी रात्रीपर्यंत मला कुणीतरी सांगायचं, मी नेमकं काय बोलले ते. नाहीतर शुक्रवारी मुंझिरच्या आईलाच विचारेन.